कार्तिकातले ऊन पाणी

कोकणातल्या माणसाला ऊन पाण्याच्या झऱ्याचे कौतुक सांगायला जाऊ नये. राजापूरजवळ उन्हाळे नावाचे गावच वसलेले आहे, दापोलीकडे उन्हवरे आहे, तानसेच्या काठी वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे आहेत. आम्हां बडोदेकरांनाही टुव्याची आणि उनाईची कुंडे परकी नाहीत. तेव्हा "ऊन पाण्यात बुडी मारायला जपानपर्यंत कशाला जायचे?" हा आमच्या सौ.चा प्रश्न रास्तच होता. त्याचे खरे उत्तर आम्हांलाही ठाऊक होते आणि तिलाही. पण ते दोघांनीही उच्चारले नाही. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त नागोयात राहतात, आणि गेली दोन वर्षे त्यांचे-आमचे फोनवरचे बोलणे तब्येतीच्या चौकशीपलीकडे जात नव्हते.

कारण साधे होते. दांडिया बाजारातला आमचा वाडा पणजोबांनी बांधला. आज खालच्या दोन खोल्यांत आम्ही दोघे राहतो आणि माडीला कुलूप असते. चिरंजीवांचे म्हणणे असे की, वाडा विकावा आणि आम्ही लिफ्टच्या इमारतीत राहायला जावे. आमचे म्हणणे असे की, चार पिढ्यांचे घर विकण्याची भाषा आमच्या देखत कुणी करू नये. एकदा आवाज चढले, आणि तेव्हापासून तो विषय मिटला; खरे म्हणजे मिटला नाही, झाकून ठेवला गेला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांत असा एखादा झाकून ठेवलेला विषय असेल, म्हणूनच हे घरचे बोलणे या सदरात मांडण्याचे धाडस करीत आहोत.

२०२५ ची दिवाळी आम्ही नागोयात केली. तुळशीचे लग्न लागले आणि चिरंजीवांनी चार दिवसांची रजा काढून दारात एक चाकांवरचे घर आणून उभे केले. याला कॅम्पर म्हणतात. लहान ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली ही एक खोली. चालकाच्या डोक्यावर दोघांच्या निजण्याची माळवदासारखी जागा, मधले जेवणाचे टेबल खाली पाडले की त्याचा पलंग, एक छोटे मोरीपात्र, शीतकपाट, गॅसची सुटी शेगडी आणि रात्रीसाठी ऊब देणारे यंत्र. अवघ्या ६६० सी.सी. इंजिनाच्या, सव्वातीन-साडेतीन मीटर लांबीच्या चिमुकल्या मोटारीतही तेथे असे घर बसवतात. आम्ही पाच माणसे, म्हणून आमचे थोडे ऐसपैस. सौ.ने आत पाऊल टाकताच चपला काढल्या, सूनबाईंच्या हातून कुकर, मसाल्याचा डबा आणि तुपाची बरणी घेतली, आणि पाच मिनिटांत त्या गाडीचे घर झाले. तेथील बहुतेक रश्श्यांत माशाचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहारी माणसाला ही फिरती चूल म्हणजे मोठाच आधार होय.

जपानी शरद ऋतू डोंगरमाथ्यावरून पायऱ्या उतरावा तसा उतरतो. सप्टेंबरअखेर उंच शिखरांवर रंग चढतो, ऑक्टोबरात तो मधल्या उतारांवर येतो आणि नोव्हेंबरात दऱ्यांच्या तळाशी पोहोचतो. रात्री गारठू लागल्या की पानांतले हिरवे द्रव्य विरते. मुळात असलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि मेपलसारख्या झाडांत तांबडे द्रव्य नव्याने तयार होते. हा सोहळा पाहायला जाणे याला तेथे 'मोमिजीगारी' असा शब्द आहे. म्हणजे मेपलची शिकार. आज एक दरी फिकी वाटली तर शिकाऱ्याने दुसरी गाठावी, आणि त्यासाठी चाकांवरचे घर सोयीचे. फक्त ते कोठेही उभे करता येत नाही. रस्त्याकडेला 'मिचि-नो-एकी' म्हणजे रस्त्याची स्थानके असतात. १९९३ साली १०३ ठिकाणी सुरू झालेली ही योजना आज बाराशेंवर गेली आहे. चोवीस तास उघडी स्वच्छतागृहे, गाड्या उभ्या करायला जागा, आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला. परंतु ती थकलेल्या चालकाने डुलकी घेण्यासाठी आहेत; बिऱ्हाड मांडण्यासाठी नव्हेत. रात्रीच्या मुक्कामाला पैसे भरून वेगळे तळ घ्यावे लागतात, आणि तेथेही इंजिन बंद ठेवायचे, सांडपाणी ओतायचे नाही, कचरा सांगतील तेथेच टाकायचा. गाडीमागे साधे खरकटे पाणीसुद्धा टाकता येत नाही, हे पाहून सौ. खूश झाली.

पहिला टप्पा शिराकावा-गो. नागोयाहून उत्तरेला निघालेला महामार्ग डोंगरांच्या पोटात शिरतो. त्यातला हिदा बोगदा तर पावणेअकरा किलोमीटर लांबीचा. बोगद्यातून बाहेर पडलो आणि ओगिमाची हे गाव समोर आले. गवताने शाकारलेली, विलक्षण उतरती छपरे, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी. त्या बांधणीचे नावच मुळी 'जोडलेल्या हातांची' असे आहे. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळीत. छपराचे वासे खिळ्यांनी नव्हे, दोरखंडांनी आणि झाडाच्या पिळलेल्या फांद्यांनी बांधलेले. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर नवे करावे लागते, आणि ते काम एकट्याचे नव्हे. सारा गाव लोटतो. आपल्याकडच्या इर्जिकीचाच हा भाऊ. तेथे त्याला 'युइ' म्हणतात. १९९५ साली हे गाव जागतिक वारशात गेले, परंतु गावकऱ्यांनी आपला वारसा त्याआधीच ओळखला होता. १९७१ साली त्यांनी एकत्र येऊन तीन नियम केले: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही.

सूनबाईंनी हे नियम भाषांतर करून सांगितले मात्र, आमची छाती फुगली. "ऐकलेस?" आम्ही चिरंजीवांकडे वळून म्हणालो. ते काही बोलले नाहीत. सौ.ने आमच्याकडे असे पाहिले की, ते दोन शब्द आम्ही गिळले असते तर बरे झाले असते.

तेथून पुढे आम्ही महामार्ग सोडून जुन्या रस्त्यांनी निघालो. या मार्गावर आम्हांला एक फळझाड सारखे भेटू लागले. पाने बहुतेक गळालेली, आणि फांद्यांवर नारिंगी, टोमॅटोएवढी फळे दिवे लावल्यासारखी. कुलू-मनालीकडे यालाच 'जपानी फळ' म्हणतात. जपानीत त्याचे नाव 'काकी'. आमचा नऊ वर्षांचा नातू या नावावर फार खूश. "आजोबा, ती बघा, आणखी एक काकी झाडावर चढली!" असे ओरडून त्याने आम्हांला पुष्कळ हसवले. मग त्यानेच एक गोष्ट दाखवली. काही घरांच्या वळचणीला सोललेल्या काकींच्या माळा वाळत घातल्या होत्या. काही घरांच्या अंगणात मात्र झाड फळांनी वाकलेले, खाली सडा कुजत पडलेला, आणि माळ एकही नाही. "माळा असल्या की घरात आजी असते," नातू म्हणाला. "नसल्या की कुणीच नसते. मग अस्वल येते."

पोराचे बोलणे बाळबोध, पण अक्षरशः खरे. जपानच्या २०२३ च्या गृहगणनेत रिकामी घरे सुमारे ९० लाख भरली. शंभरात जवळजवळ चौदा. तरुण शहरांत गेले, म्हातारे एकेक करून गेले, आणि घराला वारस असूनही राहणारा उरला नाही. डोंगरातल्या अशा गावांत न तोडलेली काकी खायला अस्वले उतरतात. २०२५ च्या शरदात अस्वलांच्या हल्ल्यांत जितकी माणसे दगावली, तितकी नोंदी ठेवू लागल्यापासून कोणत्याच वर्षी दगावली नव्हती. झाडावरची फळे वेळेवर उतरवा, असे सरकार लोकांना विनवते. पण उतरवणार कोण? आम्ही खिडकीतून पाहत होतो. एका घराची माडी आमच्या माडीसारखीच बंद होती. तिच्या खिडकीवरचा कागद फाटून वाऱ्यावर हलत होता. त्यानंतर बराच वेळ गाडीत आम्ही काही बोललो नाही.

संध्याकाळी ओकुहिदात पोहोचलो. हिरायु, फुकुजी, शिन-हिरायु, तोचिओ आणि शिन-होताका या पाच वाड्यांच्या समूहाला हे नाव आहे. हिरायु समुद्रसपाटीपासून साडेबाराशे मीटरांवर. नोव्हेंबरच्या आरंभी रात्री पारा शून्याजवळ जातो. एका म्हाताऱ्या पांढऱ्या माकडाला आपली दुखणी या पाण्यात शेकताना सैनिकांनी पाहिले आणि झऱ्याचा शोध लागला, अशी दंतकथा येथे सांगतात. आपल्या कोकणात ज्वालामुखी नाही. तेथे पाणी भेगांतून फार खोल जाते, भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि वर येते. जपानात मात्र १११ जागृत ज्वालामुखी, त्यामुळे उष्णता हाताशीच. ती किती जवळ आहे, हे १९९५ साली दिसले. शेजारच्या आबो खिंडीखालून बोगद्याचे काम चालले असता नाकानोयु येथे जमिनीतली वाफ स्फोट होऊन उसळली आणि चार कामगार प्राणास मुकले. १९९७ साली बोगदा पुरा झाला आणि हिवाळ्यात बंद पडणारी ती वाट बारमाही झाली. ज्या उष्णतेने माणसे मारली, तीच खोऱ्याला पोसते. १९४८ च्या कायद्याने ओन्सेन कशाला म्हणावे हे ठरवले आहे: उगमाशी पाणी निदान २५ अंश तरी ऊन असावे, किंवा त्यात ठरावीक १९ द्रव्यांपैकी एखादे पुरेसे असावे. असे सत्तावीस हजारांहून अधिक उगम देशात आहेत. ओकुहिदाची घरे काकींच्या माळांनी सजलेली होती, कारण येथे पाण्यामुळे धंदा आहे, आणि धंद्यामुळे माणूस आहे.

आता स्नानाविषयी. दारावर दोन पडदे: निळा पुरुषांचा, तांबडा बायकांचा. आत गेल्यावर सर्व वस्त्रे उतरवायची. पंचा नाही, लंगोट नाही. आमच्या वयाच्या माणसाला येथेच घाम फुटतो. पुढे बुटक्या चौरंगावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे, साबणाचा कण उरता कामा नये. मगच कुंडात उतरायचे. कुंड हे अंग धुण्यासाठी नाहीच, ते अंग शेकण्यासाठी. हातातला छोटा पंचाही पाण्याला लावायचा नाही; तो घडी करून डोक्यावर ठेवायचा. आपल्या मागून जो येणार त्याला पाणी आपल्याला मिळाले तसेच मिळावे, एवढाच या साऱ्या नियमांचा अर्थ. आपल्या तीर्थांच्या कुंडांत तरंगणारे निर्माल्य आणि साबणाच्या वड्यांचे कागद आठवून आम्हांला लाज वाटली, हे कबूल केले पाहिजे.

नातू पाच मिनिटांत तांबडा होऊन बाहेर पळाला. उघड्या आकाशाखालच्या त्या दगडी कुंडात आम्ही आणि चिरंजीव एवढेच उरलो. समोर काळोखातला डोंगर, अंगाभोवती वाफ. जपानी माणसे म्हणतात, वस्त्रांबरोबर मानमरातबही बाहेर खुंटीला राहतो. त्याचा आम्हांला जो अनुभव आला तो असा की, शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा वाफेत नीट दिसत नाही, आणि म्हणून त्याच्याशी बोलता येते.

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "मला वाड्याचे पैसे नकोत."

"मी तसे कधी म्हटले नाही."

"म्हटले नाहीत. पण तुम्हांला तसे वाटते." थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग ते म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात आई मागच्या अंगणात न्हाणीघराकडे जाताना घसरून पडली. मला ते शेजारच्या काकूंकडून कळले. तुम्ही नाही सांगितलेत."

आम्ही पाण्याकडे पाहत राहिलो. "सांगितले असते तर तू पुन्हा वाडा विकायचे काढले असतेस."

"काढले असते. पण आधी विमान पकडले असते."

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. दोन वर्षे आम्ही ज्याला पैशाचा मोह समजत होतो, ती त्या पोराची धास्ती होती. रात्री अवेळी फोन वाजला की तेथे, हजारो मैलांवर, कुणाच्या तरी छातीत धडकी भरत होती.

"सकाळी त्या गावाचे नियम तुम्ही मला ऐकवलेत," ते पुढे म्हणाले. "पण तिथे घरात माणूस राहतो, बाबा. चुलीचा धूर लागतो, म्हणून छपराच्या गवताला कीड लागत नाही. आपल्या माडीवर धूर कुठे आहे?"

आम्ही वकिलीत उमेदीची वर्षे घालवली. प्रतिपक्षाचा मुद्दा बिनतोड असला तर तो मान्य करावा, हे आमच्या गुरुजनांनी शिकवले होते. ओगिमाचीच्या लोकांनी न विकण्याची शपथ घेतली ती घरात राहून, छपरावर चढून, शेजाऱ्याचे गवत शाकारून. आम्ही मात्र माडीला कुलूप घालून नुसतीच शपथ घेतली होती. वळचणीला माळ नसलेले घर आणि आमचा वाडा यांत फरक एवढाच की, आमच्याकडे अजून अस्वल आलेले नव्हते.

त्या पाण्यात बसूनच ठरले. न्हाणीघर आत घ्यायचे, जिना आणि विजेच्या तारा नव्या करायच्या, आणि माडीच्या दोन खोल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना भाड्याने द्यायच्या. तीन नियमांतला मधला नियम आम्ही मोडला. आणखी एक गोष्ट आम्ही बोललो, आणि ती बोलताना वाफेचा आडोसा होता हे बरेच झाले. आम्ही म्हणालो, "आमच्या मागे तुला तो ठेवणे झाले नाही, तर वीक. आमची हरकत राहणार नाही. तसे लिहून ठेवतो." चिरंजीवांनी डोक्यावरचा पंचा काढून तोंड पुसले. ऊन पाण्यात घाम फारच येतो.

बाहेर सौ. आणि सूनबाई आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या. दोघींच्या हातात थंड दुधाच्या बाटल्या. आत जायला सौ. किती लाजत होती, आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या एका आजीबाईंनी खुणेनेच तिला केस वर बांधायला कसे शिकवले, हे ऐकता ऐकता आम्ही गाडीशी पोहोचलो. "कार्तिकस्नान पहाटे करायचे असते, तुम्ही संध्याकाळी केलेत," ती आम्हांला म्हणाली. मग चिरंजीवांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने पुढे काही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी बोगद्यापलीकडे शिराहोनेला गेलो. तेथले पाणी उगमाशी नितळ असते आणि हवा लागली की दुधासारखे पांढरे होते. तीन दिवस येथे न्हाले तर तीन वर्षे पडसे होत नाही, अशी म्हण आहे. आम्ही एकदाच न्हालो, तेव्हा एक वर्षाची हमी धरतो. कामिकोचीच्या खोऱ्यात खाजगी गाड्यांना मज्जाव आहे, म्हणून तळावर घर उभे करून बसने गेलो. १९१५ साली याकेदाके ज्वालामुखीने नदी अडवून निर्माण केलेले ताइशो तळे, आणि सोन्याच्या सुयांसारखी पाने गाळणारी लार्चची झाडे पाहिली.

जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी थोडे व्यावहारिक. रहदारी आपल्यासारखीच डावीकडून चालते, आणि येथून काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तेथे चालतो. परंतु घाटरस्ते अरुंद आहेत आणि ही गाडी उंच, तेव्हा चालवणारा हात सवयीचा हवा. ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा या खोऱ्यांसाठी उत्तम, पण गर्दीचा; गाडी पुष्कळ आधी ठरवावी. कामिकोची १५ नोव्हेंबरला मिटते ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, आणि त्या सुमारास घाटांत बर्फ पडू लागते. स्नानाला दरडोई थोडा कर पडतो, बहुतेक ठिकाणी १५० येन. ज्यांचे रक्तदाब-हृदयाचे औषध चालू आहे त्यांनी आधी वैद्यांना विचारावे, जेवल्याबरोबर उतरू नये, आणि दहा मिनिटांत बाहेर यावे.

मार्गशीर्षात माडीचे कुलूप काढले. आता तेथे दोन मुली राहतात. एक अमरेलीची, एक जळगावची. रात्री उशिरापर्यंत त्यांचा दिवा जळत असतो आणि त्याचा चौकोन आमच्या अंगणात पडतो. परवा चिरंजीवांचा फोन आला. तब्येतीची चौकशी झाली, ती नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत आटोपली. मग नव्या जिन्याला सागवान वापरावे की लोखंड, यावर आम्ही पाऊण तास भांडलो.